घंटेच्या आधीचा पावलोव्ह

पावलोव्ह म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कुत्रा, घंटा आणि लाळ. बास! आमच्या होस्टेलमध्ये रात्री आठ वाजता मेसचे काका पोळ्यांच्या डब्यावर उलथनं वाजवतात आणि मग जिन्यावरून जी पळापळ होते ती पाहून आमच्या ब्लॉकमधल्या एका विद्वानाने सगळ्या जनतेला पावलोव्हची कुत्री असं नाव ठेवलेलं आहे. मलाही त्या माणसाबद्दल याहून जास्त माहिती नव्हती. दहावीनंतर मी बायॉलॉजीला रामराम ठोकला तो कायमचाच. जठर, यकृत, स्वादुपिंड ही मंडळी आपल्या पोटात कुठेतरी असतात आणि आपलं काम करत असतात, आपण त्यांच्या भानगडीत पडू नये, एवढंच माझं धोरण!

पण पाचव्या सेमिस्टरला पोटानेच माझ्या भानगडीत पडायचं ठरवलं. सबमिशनचे दिवस. रात्री दोनला चहा, तीनला वडापाव, सकाळचा नाष्टा बुडालेला, दुपारचं जेवण ड्रॉइंग शीटवर. शेवटी छातीत अशी जळजळ सुरू झाली की रूम पार्टनरने धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि तीन गोष्टी सांगितल्या: वेळेवर जेव, सावकाश जेव आणि जेवताना जेवणाकडे लक्ष दे. पहिल्या दोन पटल्या. तिसरीचं मात्र हसू आलं. लक्ष दिलं काय आणि न दिलं काय, पोळी शेवटी पोटातच जाणार ना?

त्याच आठवड्यात लॅबमध्ये दुसरी एक गंमत झाली होती. ऑरिफिस मीटरचा प्रयोग होता. पाइपमध्ये एक भोकाची चकती बसवलेली असते, तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मॅनोमीटरवर मोजायचा आणि त्यावरून एक गुणांक काढायचा. तो ०.६ च्या आसपास यायला हवा. आमचा आला ०.४१. आमच्या बॅचमधल्या कोणालाही त्याचं विशेष वाटलं नाही. सीनियरच्या जर्नलमध्ये ०.६२ होता, तोच आम्ही घेतला आणि उलट्या बाजूने गणित करून रीडिंग बसवून टाकली. सगळेच बसवतात. मी तर आमच्या बॅचचा रीडिंग बसवण्यातला एक्स्पर्ट आहे!

आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मलाही नव्हता दिसला. गोळ्या खाऊन दोन दिवस सक्तीची विश्रांती घेताना लायब्ररीतून आणलेलं एक जुनं चरित्र वाचलं, तेव्हा तो लागला. ते चरित्र होतं इवान पेत्रोविच पावलोव्हचं. त्यातला घंटेचा भाग तर फार पुढे येतो. त्याच्या आधीची जवळजवळ पंचवीस वर्षं हा माणूस एकाच प्रश्नाच्या मागे होता. आपल्या पोटातल्या ग्रंथींना रस कधी, किती आणि कोणता सोडायचा हे सांगतं कोण?

रशियात मॉस्कोच्या आग्नेयेला र्‍याझान नावाचं गाव आहे. तिथे २६ सप्टेंबर १८४९ रोजी इवानचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. घरात भावंडं पुष्कळ, पैसा बेताचा. आठेक वर्षांचा असताना तो उंचावरून दगडी फरशीवर पडला आणि चांगलाच जायबंदी झाला. शाळा लांबली ती थेट अकराव्या वर्षापर्यंत. पुढे मोठ्या मुलाने वडिलांचीच वाट धरायची, हे ठरलेलंच होतं. त्याप्रमाणे तो धर्मशिक्षणाच्या शाळेत गेलाही. पण तो काळच वेगळा होता. डार्विनची चर्चा रशियात पोचली होती. सेचेनोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर एक ग्रंथ लिहिला होता, तो या मुलाच्या हाती पडला. माणसाच्या मनाचाही प्रयोगाने अभ्यास करता येईल, ही कल्पना त्याच्या डोक्यात जी बसली ती शेवटपर्यंत निघाली नाही. १८७० मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्याने सेंट पीटर्सबर्ग गाठलं आणि विद्यापीठात नाव घातलं. आपल्याकडे घरच्यांना न पटणारी ब्रँच घेताना काय होतं ते आठवा, म्हणजे त्या घरात काय झालं असेल याची कल्पना येईल.

विद्यापीठात असतानाच स्वादुपिंडाच्या चेतांवर त्याने एका सहाध्यायाबरोबर काम केलं आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. मग वैद्यकीय शिक्षण. मग डॉक्टर बोत्किन यांच्या दवाखान्याला जोडलेल्या छोट्याशा प्रयोगशाळेत नोकरी. ही प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी खोपटं होतं. १८८१ मध्ये सेराफिमा नावाच्या मुलीशी लग्न झालं, पण संसार मांडायला पैसे कुठे होते? काही काळ बायको नातेवाइकांकडे आणि हा लॅबमध्ये मुक्कामाला, अशीही वेळ आली. पहिलं मूल लहानपणीच गेलं. त्याच्या हलाखीची दया येऊन विद्यार्थ्यांनी व्याख्यानांच्या निमित्ताने वर्गणी काढून दिली, तर या पठ्ठ्याने त्यातूनही प्रयोगासाठी कुत्रीच आणली असं सांगतात! चाळिशी उलटेपर्यंत त्याला धड नोकरी नव्हती. १८९० मध्ये तो लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापक झाला आणि १८९१ मध्ये पीटर्सबर्गला नव्याने निघालेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रियाशास्त्र विभागाचा प्रमुख. तिथून त्याची गाडी खऱ्या अर्थाने रुळावर आली.

आता थोडं आपल्या पोटाबद्दल. आपल्याला वाटतं की अन्न पचतं म्हणजे ते पोटात पडतं आणि कुजून वगैरे मऊ होतं. तसं नाही. दिवसभरात आपलं शरीर सुमारे ७ लिटर पाचकरस तयार करतं. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या ओळीने सात मांडून बघा! त्यात तोंडातल्या तीन जोड्या लाळग्रंथींची लाळ एक ते दीड लिटर. जठराच्या भिंतीतल्या ग्रंथींचा रस साधारण दोन लिटर, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्रथिनं तोडणारं पेप्सिन. पोटामागे आडवं पडलेलं स्वादुपिंड एक ते दीड लिटर रस देतं. यकृताचं पित्त अर्धा ते एक लिटर. बाकीचा आतड्याच्या भिंतीतून पाझरतो. हे सगळं पाणी फुकट जात नाही, त्यातलं बहुतेक आतडं परत शोषून घेतं. म्हणजे एक प्रोसेस प्लँटच म्हणा ना! आणि प्लँट म्हटला की आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचा प्रश्न येतोच: याचा कंट्रोलर कुठे आहे?

पावलोव्हच्या आधीही लोकांनी हा प्रश्न विचारला होता. पण त्यांची पद्धत अशी, की प्राण्याला भूल द्यायची, पोट उघडायचं, काय दिसतं ते घाईने टिपायचं, की संपलं. पावलोव्हचं म्हणणं असं पडलं की भूल दिलेल्या, रक्तस्राव होत असलेल्या जनावराच्या ग्रंथी नेहमीसारख्या कशा वागतील? चालू मशीनची माहिती हवी तर मशीन चालू असताना मीटर लावला पाहिजे. त्याने शस्त्रक्रिया करून ग्रंथीच्या नळीचं तोंड कुत्र्याच्या कातडीवर आणून शिवायचं तंत्र बसवलं. जखम पूर्ण भरू द्यायची, कुत्रा हिंडू फिरू लागला, नेहमीसारखा खाऊ लागला की मग प्रयोग. त्यासाठी माणसांच्या हॉस्पिटलसारखी निर्जंतुक खोली, टेबलं, बऱ्या होणाऱ्या कुत्र्यांसाठी वेगळ्या खोल्या. या इमारतीला १८९३ मध्ये १०,००० रूबलची देणगी देणारा गृहस्थ कोण होता माहीत आहे? डायनामाइटवाला आल्फ्रेड नोबेल! त्याची स्वतःची प्रकृती तोळामासा होती आणि पचनाच्या प्रश्नांत त्याला रस होता. नोबेल पारितोषिकं सुरू व्हायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता.

आता त्याचे प्रयोग बघा. पहिला प्रयोग १८८९ चा, शुमोवा-सिमानोव्स्काया या बाईंबरोबर केलेला. कुत्र्याची अन्ननलिका गळ्यापाशी उघडून दोन्ही टोकं बाहेर आणलेली आणि जठराला एक नळी बसवलेली. कुत्रा मांस खातो, चघळतो, गिळतो आणि ते गळ्यातल्या भोकातून परत भांड्यात पडतं. जठरात एक कणसुद्धा पोचत नाही. तरीही पाच-सहा मिनिटांत नळीतून स्वच्छ जठररस ठिबकायला लागतो! मेंदूकडून जठराकडे येणाऱ्या व्हेगस नावाच्या चेता कापल्या की तो थांबतो. उलट कुत्र्याला न कळू देता जठरात थेट ब्रेड सरकवला, तर सुरुवातीला रस जवळजवळ सुटतच नाही. म्हणजे पहिला हुकूम जठर देत नाही. तो देते भूक, वास, चव. थोडक्यात, जेवणाकडे असलेलं लक्ष!

इथे मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि डॉक्टरांची मनातल्या मनात माफी मागितली.

या नुसत्या खाण्याच्या देखाव्यातून निघणारा रस इतका शुद्ध असे की पुढे तो गाळून, बाटल्यांत भरून, अपचनावरचं औषध म्हणून विकला जाई. रशियात आणि रशियाबाहेरही. त्यातून प्रयोगशाळेच्या खर्चाला मोठा हातभार लागला.

दुसरा प्रयोग जास्त अवघड होता. खरंखुरं जेवण जठरात गेल्यावर रस कसा सुटतो हे बघायचं, पण अन्नात मिसळलेला रस मोजणार कसा? म्हणून त्याने जठराचा एक कोपरा शिवून त्याची वेगळी छोटी पिशवी केली. मोठ्या जठरात अन्न, छोट्या पिशवीत फक्त रस. आपण मुख्य पाइपला बारीक सँपलिंग लाइन काढतो ना, तसं. अशी पिशवी जर्मनीतल्या हायडेनहाइन यांनी आधी केली होती, पण त्यात व्हेगसच्या चेता तुटत. पावलोव्हने त्या शाबूत ठेवल्या. आधीची कितीतरी कुत्री दगावली. १८९४ मध्ये एक जगला. त्याचं नाव द्रुझोक, म्हणजे लहानगा दोस्त. या दोस्ताने ब्रेड, मांस आणि दूध यांचे वेगवेगळे आलेख काढून दिले. मांसावर सुटणारा रस सर्वात आम्लयुक्त, तर ब्रेडवरच्या रसात पचवण्याची ताकद सर्वात जास्त. ही ताकद मोजायची कशी, तर बारीक काचनळ्यांत अंड्याचा पांढरा बलक शिजवून घट्ट करायचा, नळ्या रसात ठेवायच्या आणि ठरावीक तासांनी किती मिलिमीटर विरघळला ते पट्टीने बघायचं. याहून साधं आणि सुंदर इन्स्ट्रुमेंट मी तरी पाहिलेलं नाही.

लाळेचंही तसंच. कुत्र्याच्या तोंडात गोटे टाकले तर तो ते थुंकून टाकतो, लाळ फारशी येत नाही. त्याच दगडाची वाळू करून टाकली की तोंड धुऊन काढायला भरपूर पातळ लाळ सुटते. ओलं मांस दिलं तर कमी, कोरडी भुकटी दिली तर जास्त. १८९९ मध्ये त्याच्या लॅबमध्ये आणखी एक शोध लागला. स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर तिथून निघताना झोपलेल्या अवस्थेत असतं आणि आतड्याच्या भिंतीतलं दुसरं एक विकर, एंटेरोकायनेज, त्याला जागं करतं. तसं नसतं तर स्वादुपिंडाने स्वतःलाच पचवलं असतं. आपण ज्याला इंटरलॉक म्हणतो तो हाच. आपल्या पोटात तो कधीपासूनच बसवलेला आहे.

१८९७ मध्ये या सगळ्या कामावरची त्याची व्याख्यानं पुस्तकरूपाने निघाली आणि युरोपभर नाव झालं. त्याच्या हाताखाली शंभराच्या आसपास माणसं काम करून गेली होती. त्यातले बरेचसे प्रबंधासाठी आलेले डॉक्टर. सगळ्यांच्या निष्कर्षांतून एकच सूत्र निघत होतं: ग्रंथींचा कंट्रोलर म्हणजे चेतासंस्था. आम्ल आतड्यात उतरलं की स्वादुपिंडाचा रस सुटतो, हे त्याच्याच लॅबमध्ये १८९४ मध्ये सापडलं होतं. तोही चेतांचाच खेळ, असं त्याने धरलं होतं. सिद्धान्त तयार, रीडिंग जुळलेली!

आणि इथे मला एक गोष्ट लपवायची नाही. पुढे इतिहासकारांनी त्याच्या लॅबचं काम बारकाईने तपासलं, तेव्हा त्यांना दिसलं की ते सुबक आलेख निवडक रीडिंगवर उभे होते. एकाच कुत्र्याची दोन दिवसांची रीडिंगसुद्धा जुळत नसत. मग न जुळणाऱ्यांचा दोष कुत्र्याच्या मनःस्थितीवर टाकला जाई. म्हणजे रीडिंग बसवण्याचा मोह त्यालाही होता. हे वाचून आधी मला जरा बरंच वाटलं. चला, आपण एकटे नाही! पण पुढचं पान उलटलं आणि ते समाधान टिकलं नाही.

जानेवारी १९०२, लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. बेलिस आणि स्टार्लिंग हे दोघे मेहुणे-मेहुणे. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याच्या सगळ्या चेता कापून टाकल्या, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या आणि आत आम्ल सोडलं. पावलोव्हच्या म्हणण्याप्रमाणे आता स्वादुपिंडाने गप्प बसायला हवं होतं. पण रस सुटला! मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, आम्लाबरोबर घोटलं, गाळलं आणि तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस सुटला. म्हणजे निरोप तारेने नव्हता गेला, रक्तातून टपालाने गेला होता. या द्रव्याला त्यांनी सीक्रीटिन म्हटलं. अशा द्रव्यांना हॉर्मोन, आपल्या भाषेत संप्रेरक, हे नाव स्टार्लिंगने १९०५ मध्ये दिलं.

बातमी पीटर्सबर्गला पोचली. पंचवीस वर्षांचं काम, शंभर माणसांचे प्रबंध, देशोदेशी झालेलं नाव, सगळं पणाला लागलेलं. पावलोव्ह तसा शीघ्रकोपी माणूस. एखादं यंत्र बिघडलं तरी लॅब डोक्यावर घ्यायचा. तो काय म्हणू शकला असता? इंग्रजांची पद्धत चुकली, चेता नीट कापल्या नसतील, भूल दिलेलं जनावर खरं सांगत नाही. हे शेवटचं तर त्याचं नेहमीचंच हत्यार होतं! त्याने तसलं काही केलं नाही. एका सहकाऱ्याला तोच प्रयोग आपल्या लॅबमध्ये जसाच्या तसा करायला सांगितला. सगळे भोवती उभे. अर्क टोचला आणि स्वादुरसाचे थेंब पडायला लागले. पावलोव्ह एक शब्द न बोलता आपल्या खोलीत निघून गेला. अर्ध्या तासाने बाहेर आला आणि त्याने सगळ्यांसमोर मान्य केलं की ते लोक बरोबर आहेत, सत्याचा मक्ता काही आपण एकट्याने घेतलेला नाही. तिथे हजर असलेल्यांकडून ही हकिगत पुढे आली आहे.

त्या बंद खोलीत त्या अर्ध्या तासात काय झालं असेल? त्याच्या सगळ्या आयुष्यात मला हा अर्धा तास सर्वात मोठा वाटतो. पोरांनो, आपण एका गुणांकासाठी अर्धा मिनिटही थांबत नाही!

आज आपल्याला माहीत आहे की दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. वास आणि चव घेतल्यावर पहिला हुकूम चेतांमधून जातो, तो भाग पावलोव्हचाच. पुढे आतड्यात आम्ल आलं की सीक्रीटिन रक्तात उतरतं, त्याने स्वादुपिंड अल्कधर्मी रस सोडतं, आम्ल मारलं जातं, आम्ल संपलं की सीक्रीटिनही थांबतं. कंट्रोल सिस्टिमच्या पुस्तकात निगेटिव्ह फीडबॅकची जी आकृती आपण घोकतो ती आपल्याच पोटात रोज तीनदा चालते. मेस चांगली असली तर चारदा!

१९०४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक पावलोव्हला मिळालं ते या पचनाच्या कामासाठी, घंटेसाठी नाही. हे पारितोषिक मिळवणारा तो पहिला रशियन. पण स्टॉकहोमच्या भाषणात शेवटी तो बोलला ते नव्याच विषयावर. लाळ मोजताना त्याच्या लॅबला वर्षानुवर्षं एक उपद्रव होत होता. अन्न तोंडात पडायच्या आधीच, नुसतं भांडं बघून किंवा खाऊ घालणाऱ्या माणसाची पावलं ऐकून कुत्र्याला लाळ सुटे आणि रीडिंग बिघडे. दुसऱ्याने ती रीडिंग खोडून टाकली असती. पावलोव्हने पुढची तीस वर्षं त्या बिघडलेल्या रीडिंगचाच अभ्यास केला! त्यातूनच ती जगप्रसिद्ध अवलंबी प्रतिक्षिप्त क्रिया आली. आणि गंमत म्हणजे तिथे घंटा क्वचितच होती. जास्त करून मेट्रोनोम, विजेचे दिवे आणि बझर असायचे. म्हणजे आमच्या ब्लॉकच्या विद्वानाचंही थोडं चुकलंच.

क्रांतीनंतरचे दिवस वाईट गेले. नोबेलचे पैसे गेले. एक मुलगा १९१९ मध्ये वारला. लॅबला सरपण नाही, खायला नाही, कुत्री उपासमारीने मेली, सत्तरीचा म्हातारा संस्थेजवळच्या वाफ्यात स्वतः भाजी पिकवत होता. १९२० मध्ये त्याने देश सोडायची परवानगी मागितली. तेव्हा लेनिनच्या सहीने जानेवारी १९२१ मध्ये त्याला खास सवलती द्यायचा हुकूम निघाला. पण सहकाऱ्यांना मिळणार नसेल ते जादा रेशन त्याने एकट्याने घ्यायचं नाकारलं. १९२४ मध्ये धर्मगुरूंच्या मुलांना लष्करी वैद्यकीय अकादमीतून काढून टाकायला लागले, तेव्हा मीही धर्मगुरूचाच मुलगा असं सांगून त्याने तिथली खुर्ची सोडली. त्या काळात असं बोलणं म्हणजे जिवावरचं काम होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला महापूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरून कुत्री बुडता बुडता वाचली. काही कुत्री शिकवलेलं सगळं विसरून गेली, तर त्याने त्या धक्क्याचाही अभ्यास केला. न जुळणारं रीडिंग दिसलं की तो तिथेच थांबायचा, ही सवय एव्हाना पक्की झाली होती.

२७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, न्यूमोनियाने तो गेला. जायच्या आधी तरुणांसाठी त्याने एक पत्र लिहिलं. पायरी पायरीने जा, नम्र राहा आणि कामावर जीव ओता, असा त्याचा मथितार्थ.

कुत्र्यांचं काय, हा प्रश्न मला वाचताना सारखा टोचत होता. आपल्या गेटवरच्या मोत्याला खायला घालणाऱ्या कोणालाही तो टोचेल. द्रुझोकच्या आधी किती गेली आणि जी जगली ती कशी जगली, याचं उत्तर सोपं नाही. आज असे प्रयोग करायचे तर नैतिकता समितीसमोर उभं राहावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पावलोव्हच्या सूचनेवरून १९३५ मध्ये संस्थेच्या आवारात कुत्र्याचं स्मारक उभं राहिलं. ऋण फिटलं असं नाही, पण निदान नोंद झाली. मला मात्र एवढं समजलं, की ज्या रीडिंगसाठी कोणीतरी इतकं सोसलं ते रीडिंग खोडायचा हक्क कोणाला नसतो.

मित्रांनो, तब्येत बरी झाल्यावर मी आणि माझा पार्टनर जर्नल घेऊन सरांकडे गेलो आणि ०.६२ हा आकडा आमचा नाही, आमचा ०.४१ आहे, असं सांगून टाकलं. पोटात गोळा आला होता, तो ॲसिडिटीचा नव्हता! सरांनी काही न बोलता आम्हाला लॅबमध्ये नेलं, पंप चालू केला आणि मॅनोमीटरकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वरचा कॉक उघडला. एका बाजूच्या नळीत हवेचा फुगा अडकलेला होता, तो बुडबुडत बाहेर गेला. पुन्हा रीडिंग घेतली. ०.६१ आला. खरा, आमचा स्वतःचा! तो फुगा तिथे कधीपासून होता कोण जाणे. रीडिंग बसवणाऱ्यांना तो कधीच दिसला नसता.

जर्नलमध्ये आता दोन्ही आकडे आहेत, कारणासकट. मार्क किती मिळाले ते विचारू नका. आणि हो, रात्री आठला उलथनं वाजलं की मीही इतरांसारखाच पळत खाली येतो. तोंडाला पाणी सुटलेलं असतंच. फक्त आता पहिला घास घेताना मोबाइल खिशात ठेवतो. आतमध्ये कोणीतरी हुकमाची वाट बघत असतं!

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन